प्रेरणादायी शिक्षक कसे व्हावे? (खानदेशातील इच्छुकांसाठी)

माझा पुतण्या जळगावला टी.वाय.बी.ए.ला आहे. गेल्या दिवाळीत घरी आला, फराळाची ताटली मांडीवर घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, मला प्रेरणादायी शिक्षक व्हायचंय." नुसता शिक्षक नव्हे. वहिनीचा झारा कढईतच थांबला, एक चकली काळी पडली. भाऊ चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "पर्मनंट का?"

पोराला उत्तर देता आलं नाही, म्हणून ते प्रकरण माझ्याकडे वर्ग झालं. मी धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकवीस वर्षं गणित-विज्ञान शिकवतो. प्रेरणादायी आहे की नाही ते मुलांना विचारावं लागेल. पर्मनंटचा विषय पुढे येईलच. असे इच्छुक दर वर्षी निघतात, पाच सप्टेंबरच्या आसपास त्यांचं प्रमाण वाढतं, आणि एकेकाला बसवून सांगायला मला आता वेळ होत नाही. सबब हे मार्गदर्शन लेखी देत आहे.

इच्छुकाने सर्वप्रथम विशेषण मिळवावे. नाम मागाहून, भरती निघाली तर, मिळेल. विशेषणासाठी लागणारं साहित्य असं: एक जाकीट (आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तरी जाकीट काढू नये), कॉलरला लावायचा माइक, पाठ केलेल्या चार शायऱ्या आणि डॉ. कलामांची सात वाक्यं. ही वाक्यं कलामांनी कुठे म्हटली ते शोधत बसू नये. ते हयातीत बोलले नसतील इतकं सध्या मोबाईलवर बोलतात. पाठीमागे फळा दिसला पाहिजे, पण त्यावर काही लिहिलेलं नसावं, नाहीतर बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. वर्गात मुलं हवीतच असं नाही. बरीचशी प्रेरणा शाळा सुटल्यावर, रिकाम्या बाकांसमोर, तीस सेकंदांत उरकते.

त्यानंतर अमळनेरची वारी. खानदेशात या लाइनला लागायचं तर साने गुरुजींना वळसा घालून जाता येत नाही. जळगावहून सुरतकडे जाणारी गाडी धरावी. गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला, आणि 1924 साली प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. 1930 साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. म्हणजे एकूण सेवा सहा वर्षं. इच्छुक हे ऐकून खूश होतो: सहाच वर्षांत एवढं नाव! आजच्या हिशेबाने त्यातली पहिली तीन शिक्षणसेवक म्हणून गेली असती. (शिक्षणसेवकाला 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि कनिष्ठ महाविद्यालयात 20,000 रुपये मानधन आहे. त्याआधी सहा, आठ आणि नऊ हजार होतं, आणि तेव्हाही पोरांना शिक्षक व्हावंसं वाटायचं.)

गुरुजींच्या कारकिर्दीचा मी बारकाईने अभ्यास केला आहे आणि तीत गंभीर त्रुटी आढळल्या आहेत. ते छात्रालय सांभाळत. मुलं शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेल्या अंथरुणांच्या घड्या घालायचे, कुणाचे मळके कपडे पडलेले दिसले तर धुऊन टाकायचे. या उपक्रमाचा एकही फोटो कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. अहवाल नाही, मुख्याध्यापकांचा शेरा नाही, घड्या घालण्यापूर्वीचे आणि घातल्यानंतरचे गुण असा तक्ता नाही. 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिकही ते काढत. दैनिक! रोज हाताने लिहायचं, आणि वाचक किती, तर छात्रालयात राहतील तितके. 'श्यामची आई' लिहिली ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात, नोकरी सोडल्यावर. म्हणजे ज्या कामाने घराघरांत नाव पोचलं ते सेवापुस्तकात धरायची सोयच ठेवली नाही.

पुतण्याने विचारलं, "अंथरुणाच्या घड्या रोज घालायच्या?"

मी म्हटलं, "त्याचा प्रस्ताव होत नाही. सोड."

आपल्या भागात पांडुरंग दोन झाले, हे इच्छुकाने लक्षात ठेवावे. एक पांडुरंग सदाशिव साने. दुसरा 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर, जो पुण्याला शिकायला गेला आणि शेवटी गावाकडे परतला. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, कादंबरी 1963 सालची. टी.वाय.च्या वर्षाला हा दुसरा पांडुरंग वाचू नये, प्रेरणा पातळ होते. आणि 'बिढार', 'जरीला', 'झूल' यांना तर हातच लावू नये. त्यातला चांगदेव पाटील प्राध्यापक आहे, आणि तो गावं आणि कॉलेजं बदलत राहतो. नवं गाव, नवी खोली, नवी स्टाफरूम. मी 'बिढार' पहिल्यांदा वाचली तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो. मला ती कादंबरी वाटलीच नाही, नियुक्तीपत्र वाटलं.

आता बी.एड. आमच्या वेळी एका वर्षात उरकायचं, 2015 पासून दोन वर्षं लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या इच्छुकाला ही पदवी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची मिळते. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरोट्यावर जे सुचलं ते त्या म्हणत गेल्या आणि ते लिहून घेतलं दुसऱ्यांनी. त्यांच्या नावाच्या पदवीसाठी आपण पाठ टाचणाच्या वह्या भरतो.

पाठ टाचण ही वस्तू इच्छुकाने नीट समजून घ्यावी. लांब वही, तिच्यात उभे रकाने: अध्यापन मुद्दे, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन, मूल्यमापन. यातला 'विद्यार्थी कृती' हा रकाना मला सगळ्यांत आवडतो. तो आदल्या रात्री, खोलीवर, एका हाताने डास मारत भरायचा असतो. तिथे लिहायचं: 'विद्यार्थी उत्स्फूर्तपणे उत्तरे देतात.' कोणती उत्तरं, तीही लिहायची. विद्यार्थी अजून गावात झोपलेले असतात, आपण त्यांना पाहिलेलंही नसतं, पण उद्या अकरा वाजून दहा मिनिटांनी ते उत्स्फूर्तपणे काय बोलणार हे आपल्या वहीत निळ्या शाईत तयार असतं.

त्याआधी सूक्ष्म अध्यापन. पाच-सहा मिनिटांचा पाठ, एका पाठात एकच कौशल्य: प्रश्न विचारणे, फलक लेखन, चेतक बदल, प्रबलन. विद्यार्थी म्हणून आपलेच सोबतचे छात्राध्यापक बसतात. सव्वीस वर्षांचा, मिशावाला, घरी दोन एकर कपाशी आणि पाळण्यात मूल असलेला माणूस बाकावरून हात वर करून किनऱ्या आवाजात म्हणतो, "बाई बाई, सूर्य पूर्वेला उगवतो." बाईंनी लगेच प्रबलन द्यायचं: "शाब्बास! अगदी बरोबर." 'शाब्बास' तीन वेळा आलं नाही तर गुण कापले जातात. आमच्यातल्या एकाने घाईत चुकीच्या उत्तरालाही शाब्बास म्हटलं होतं. निरीक्षकांनी पूर्ण गुण दिले, कारण कौशल्य प्रबलनाचं होतं, भूगोलाचं नव्हतं.

सराव पाठाची बाब मात्र थोडी सविस्तर सांगतो. माझ्या हातून तिथे एक मोठी चूक झाली, ती इच्छुकाला टाळता यावी.

शाळा यावल तालुक्यातली, वर्ग सातवीचा, घटक शाकीय पुनरुत्पादन: बीशिवाय नवीन झाड कसं येतं. उदाहरण केळीचं घेतलं. शैक्षणिक साधन म्हणून जळगावच्या गाडीवरून निघताना एक पिवळीधमक फणी घेतली आणि ती दबू नये म्हणून दीड तास एस.टी.त मांडीवर धरली. टाचणात प्रस्तावनेचा पहिला प्रश्न होता: 'तुम्ही बाजारातून कोणकोणती फळे आणता?' अपेक्षित उत्तर: 'आंबा, सफरचंद, केळी.' विचारला. दुसऱ्या बाकावरचा एक जण उभा राहिला: "सर, केयी आनत नही, इकतो."

ही पहिली धोक्याची घंटा. मी ती ऐकली नाही. फणी वर केली.

वर्ग फणीकडे बघायला लागला. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. ज्या पोरांच्या गावातून केळीचे घड हिरवे कापून गाड्याच्या गाड्या उत्तरेला जातात, ती पोरं पिवळ्या फणीकडे बघतात तशीच बघत होती: पिकली, म्हणजे माल वाया गेला. खिडकीपाशी बसलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे केयी कोनत्या बागातली? कांदेबाग का मिरगबाग?"

टाचणात हा प्रश्न नव्हता. मला कांदा माहीत होता आणि मृग नक्षत्र माहीत होतं. केळीचा या दोघांशी काय संबंध ते माहीत नव्हतं. (माझं गाव तापीच्या अलीकडे, कोरडवाहू. आम्ही केळी लग्नातच बघायचो.) मागच्या बाकावर निरीक्षक पेनचं टोपण काढून बसलेले. मी करायला नको होतं ते केलं. खडू त्या मुलीला दिला.

ती फळ्याकडे गेली आणि मृगबाग म्हणजे जून-जुलैची लावण, कांदेबाग म्हणजे पावसाळा सरताना केलेली, हे सांगून मोकळी झाली. मग तिने एक झाड काढलं, त्याच्या बुंध्याशी तीन छोटी काढली. "हे पिलं. एक ठेवायचं, बाकीचे कापायचे. ठेवलं तं पुढच्या साली पिलबाग." पहिल्या बाकावरचा ओरडला, "आता कोनी कंद लावत नही, टिश्यूचं रोप आनता!" तिसरा म्हणाला टिश्यूवर व्हायरस लवकर येतो. चौथा म्हणाला त्याच्या बापाने याच व्हायरसपायी अख्खी बाग उपटून बांधावर टाकली. मग कितव्या महिन्यात बाग निसवते यावरून भांडण लागलं, मग बुऱ्हाणपूरचा कालचा भाव निघाला. फळ्यावर जागा उरली नाही. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा शाकीय पुनरुत्पादन हा शब्द मी एकदाही उच्चारलेला नव्हता, आणि वर्गात तो ज्याला समजला नाही असा मी एकटाच होतो, आणि मलाही तो त्या दिवशी समजला.

निरीक्षकांचा शेरा माझ्याकडे अजून आहे: 'वर्गनियंत्रण नाही. हेतुकथन झाले नाही. विद्यार्थी फार बोलतात. फलक लेखन विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात.' गुणही त्याच मानाने. फणी पोरांनी मधल्या सुट्टीत खाल्ली आणि कच्ची उतरवून रासायनिक पिकवलेली आहे असा निकाल दिला.

तर इच्छुकाने साधन म्हणून नेहमी थर्माकोलचा ज्वालामुखी न्यावा. आपल्या भागात ज्वालामुखीबद्दल कुणालाच काही माहीत नसतं.

पदवी झाली की पात्रता. 2013 पासून टीईटी आहे: 150 प्रश्न, 150 गुण, खुल्या प्रवर्गाला 90 लागतात. या प्रमाणपत्राची मुदत आधी सात वर्षं होती, आता ते तहहयात चालतं. नोकरी नसली तरी पात्रता मरेपर्यंत सुटत नाही. नंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. त्यात 120 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला छत्तीस सेकंद. आरशातलं घड्याळ किती वाजल्याचं दाखवतं, आणि अशाच गोष्टी. ही चाचणी पहिल्यांदा 2017 साली झाली, दुसऱ्यांदा 2023 साली. माझ्या ओळखीचा एक जण दोन्हींना बसला. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती अंगणवाडीत जायला लागली, आणि आरशातलं घड्याळ त्याला आता उलटं न करता वाचता येतं. चाचणीनंतर भरतीचं पवित्र पोर्टल. तिथे पसंतीक्रम भरून बसावे. बिंदुनामावली, संचमान्यता, समायोजन, स्थगिती हे शब्द या काळात शिकून घ्यावेत. विद्यार्थ्यांना शिकवायला उपयोगी नाहीत, पण रात्री झोप येत नाही तेव्हा म्हणता येतात.

पोर्टलचा कंटाळा आला तर विनाअनुदानितचा रस्ता मोकळा आहे. मी त्याच रस्त्याने आलो. आमच्या शाळेच्या मान्यतेवर 'कायम विनाअनुदानित' असं लिहिलेलं होतं. त्यातला 'कायम' हा शब्द सरकारने 2009 साली काढून टाकला. आमच्या शाळेत कायम असं तेवढंच होतं, तेही गेलं. मग टप्पा अनुदान. वीस टक्के अनुदान आलं त्या महिन्यात आम्ही पेढे वाटले. हजेरी मात्र शंभर टक्के लागते, आणि फळा पाचातला एक भाग पुसून चालत नाही. उन्हाळ्यात आम्ही पाचवीसाठी मुलं शोधत घरोघरी फिरतो, कारण पट घसरला की संचमान्यतेत माणूस उडतो. दिवाळीनंतर साक्रीकडची काही कुटुंबं ऊसतोडीला निघतात, त्यांची पोरं बैलगाडीच्या नाहीतर ट्रकच्या मागून हात करतात. त्यांचं नाव पटावर असतं, आधार जुळलेलं असतं. बाक रिकामा.

हे सगळं झालं की आदर्श शिक्षक पुरस्कार. इथे इच्छुकाने एकच समजून घ्यायचं, की आदर्श आहोत हे आपणच आधी कळवायचं असतं. फाइल करायची: उपक्रम, फोटो, कात्रणं, मुख्याध्यापकांचं पत्र, सरपंचांचं पत्र. झाड लावताना फोटो काढायचा. झाडाचा नंतरचा फोटो मागत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, सात कोटी रुपयांचा. सगळ्या इच्छुकांना हा आकडा तोंडपाठ आहे. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकले, हे सांगितलं की पोरं जरा हिरमुसतात.

इतकं सगळं पुतण्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक दिवस तुमच्या शाळेत येऊ का?" जाकीट घालून आला. आमचे सहावीचे सर रजेवर होते. मुख्याध्यापक म्हणाले, बसव त्याला तिकडे, गोंधळ नको. मी शेजारच्या वर्गात नववीला समीकरणं देत होतो, मध्ये नुसती पत्र्याची फळी, सगळं ऐकू येतं. कलाम आले. एक शायरी आली. मग बराच वेळ शांतता. फळीच्या फटीतून डोकावलो.

मधल्या रांगेतला एक पोरगा उभा होता. "सर," तो म्हणाला, "तुम्ही कितला दिन शेतस?"

पुतण्याने आधी जाकिटाची बटणं चाचपली, मग फळीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. माझ्याकडे काही नव्हतं. तो मुलाच्या बाकापाशी गेला, वाकला, आणि विचारलं की तुला कशाला पाहिजे. पोराने वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. वर 'गणितना सर' असं लिहिलेलं, खाली या वर्षातली दोन नावं, दोन्हींवर आडवी रेघ. त्याने पुतण्याचं आडनाव विचारलं आणि तिसऱ्या ओळीत पेन्सिलीने लिहिलं.

"पेनने लिही ना," पुतण्या म्हणाला.

"नही सर," पोरगा म्हणाला, "पेन्शिलच बरी शे."